‘आधी बाराखडी, मग बाकीचं’ हा हट्ट

पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट रचायला सांगावी, चित्राखाली मनातले चार शब्द लिहायला सांगावे, असे कोणी सुचवले की ठरलेले उत्तर मिळते : ‘हे सगळं छान आहे हो, पण आधी लिहितावाचता तर येऊ दे!’ हे उत्तर शिक्षक देतात, पालक देतात आणि तपासणीला आलेले अधिकारीही देतात. रोह्याजवळच्या धाटावसारख्या ठिकाणी त्याला जास्तच जोर चढतो. औद्योगिक वसाहतीमुळे इथे आगरी शेतकऱ्याचे, कातकरी वाडीवरचे आणि उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या कामगाराचे मूल एकाच पट्टीवर बसू शकते. घरी पुस्तक असेलच असे नाही, आणि घरची बोली पुस्तकातली नाही. अशा मुलांना ‘पाया’ हवा, कल्पनाविलासाची चैन कसली, असा हा युक्तिवाद. तो नेमका उलटा आहे. ज्या मुलाला घरून छापील भाषा मिळालेली नाही, त्याला लिहिण्याचे प्रयोजन पहिल्या आठवड्यापासून कळायला हवे. सुशिक्षित घरातले मूल कंटाळवाण्या शिकवण्यातूनही तरून जाते, कारण वाचण्याचा उपयोग काय, हे ते घरी रोज पाहत असते.

बाराखडीवाद्यांचे म्हणणे मात्र नीट ऐकून घेतले पाहिजे. देवनागरीत लिहिल्याप्रमाणे वाचता येते. तेव्हा एकदा सगळी अक्षरे बसली की वाचन आपोआप जमेल, असे ते म्हणतात. हिशेब करून पाहू. तीस-बत्तीस व्यंजनांना बारा रूपे लावली की साडेतीनशेच्या वर अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे अजून बाकीच असतात. त्यांत ‘कः’सारखी रूपेही येतात, जी मुलाला पुढे कुठल्याही शब्दात क्वचितच भेटतील. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, ही गुंतागुंत वेगळीच. आता दुसरी वाट पाहा. क, ल, म, न ही चार अक्षरे आणि एक काना एवढेच घ्या. काम, नाक, कान, लाल, मका, मामा, काका, नाका, नाला, कमान, मला इतके शब्द लगेच हाती येतात. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणारे मूल एवढ्याच सामग्रीतून ‘नाला लाल का?’ असे खरेखुरे वाक्य लिहू शकते. बाराखडीच्या क्रमाने जाणारा वर्ग तेव्हा कदाचित ‘ख’वर पोचलेला असेल. म्हणजे अक्षरशिस्त दोन्हीकडे आहे. एकीकडे अक्षरे बोलण्यासाठी जमवली जातात, दुसरीकडे नुसती साठवली जातात. सर्जनशील साक्षरता म्हणतात ती एवढीच, आणि तिला रंगीत कागदाचा तुकडाही लागत नाही.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये संशोधकांनी पहिली ते तिसरीपर्यंत मुलांचा माग ठेवला. वर्गात सारा भर अक्षरांवर, अर्थ मात्र ‘पुढे कळेल’ म्हणून मागे ठेवलेला, असे त्यांना आढळले. आणि एवढे करूनही तिसरीअखेर अनेक मुलांना इयत्तेचा साधा उतारा वाचता येत नव्हता. देशपातळीवर ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलेच दुसरीचा मजकूर वाचू शकली. करोनाकाळाचा फटका मान्य, पण 2018 साली हा आकडा 20.9 होता, तेव्हा शाळा उघड्याच होत्या. अर्थात या अपयशाला गैरहजेरी, स्थलांतर, शिक्षकांवरची अशैक्षणिक कामे अशी इतरही कारणे आहेत. तरी ‘पाया’ म्हणून जे घोटून घेतले जाते, ते बहुसंख्य मुलांच्या बाबतीत पायाचे काम करत नाही, एवढे या आकड्यांवरून म्हणता येते.

‘आम्ही नाही का असेच शिकलो?’ हा पुढचा आक्षेप. रोह्यात तर त्याला साक्षीदारही मोठा मिळतो. पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख इथल्याच शाळेत शिकले आणि 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले. पण त्यांचे वडील वकील होते. शिवाय 1911 च्या जनगणनेत देशात शंभरातले जेमतेम सहा जण साक्षर निघाले होते, हे कोणी सांगत नाही. जी पद्धत मूठभरांना पुरली, तिची परीक्षा शाळेबाहेर राहिलेल्या चौऱ्याण्णवांवर कधी झालीच नाही. आता कातकरी वाडीवरचे मूलही पटावर आहे. यशस्वी माणसांच्या आठवणींवरून पद्धतीचा गुण ठरवणे म्हणजे नापासांची नावे खोडून निकाल लावणे.

उलट बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. भिंतींवर झुकझुक गाडी रंगवली, टाळ्या वाजवत गाणे म्हटले, की शाळा सर्जनशील झाली असे नाही. अक्षरे शिकवावीच लागत नाहीत, वाचून वाचून येतात, हेही गरीब मुलांच्या बाबतीत घातक आहे. महाराष्ट्रात ज्यांनी हे काम खरोखर केले, त्यांनी अशी सूट घेतली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी चालवली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले वापरले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी ‘सृजन आनंद’मध्ये, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनाच्या शिकवणीत हेच दाखवले, की आनंद आणि काटेकोरपणा यांचे वैर नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूल पहिल्या दिवशी डोळ्यांची आखणी करत नाही हे खरे. पण पूर्ण मूर्ती कशी दिसते हे ते पहिल्या दिवसापासून पाहत असते. दोन वर्षे त्याला नुसती नाके हातात देऊन कोणी बसवत नाही.

सर्वांत अवघड आक्षेप शुद्धलेखनाचा. मुलांना मनाने लिहू दिले तर चुका रुजतील, ही भीती. आगरी घरातले मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहील, कारण त्याच्या तोंडात ‘ण’ नाही. बारकाईने पाहिले तर या मुलाने प अचूक निवडला, काना दिला, दुसरी वेलांटी बरोबर घातली आणि स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला. लाल पेनाची फुली या चारही गोष्टी खोडते. शिक्षकाने खाली ‘पाणी’ असे नेटके लिहून दोन्ही वाचून दाखवले, तर मुलाला प्रमाण रूप मिळते आणि घरची बोली हीन ठरत नाही. चुका रुजतात त्या दुरुस्तीच न मिळाल्याने. फळ्यावरचे उतरवून काढणाऱ्या मुलाच्या वहीत चूक दिसत नाही, पण त्याला काय कळले आहे, तेही दिसत नाही.

राहता राहिली वेळेची आणि उद्दिष्टांची तक्रार. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला कायद्याने दोन शिक्षक; चार-पाच इयत्ता दोघांनी सांभाळायच्या. ही अडचण खरी आहे आणि ती शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पण एकाला शिकवताना बाकीच्यांना काय काम द्यायचे, हा प्रश्न बाराखडी दहादा लिहायला लावून सुटत नाही, फक्त वर्ग गप्प बसतो. रोह्याच्या ग्रामदैवताच्या, धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात ते चित्र काढा, भाताच्या आवणीत घरातले कोण काय करते ते लिहा, असे काम दिले तर तिसरीचे मूल पहिलीच्याला मदतही करते. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने दुसरीअखेर मिनिटाला 45 ते 60 शब्द असे माप दिले आहे, मात्र ते समजून वाचण्याचे. घड्याळ लावणे सोपे म्हणून शब्द तेवढे मोजले जातात आणि समज राहून जाते.

म्हणून रोहा आणि पेण तालुक्यांतल्या केंद्रप्रमुखांना एक विनंती आहे. पुढच्या शिक्षण परिषदेला प्रत्येक शाळेने दुसरीच्या पाच मुलांचे स्वतःच्या मनाने लिहिलेले पान आणावे, चुकांसकट, आणि चर्चा त्या पानांवर व्हावी. बाराखडीचे तक्ते शाळेतच राहू द्यावेत.