हुंडणावळ आणि अब्रू

रुपयाचा भाव उतरला की देशाची अब्रू उतरली, असा आक्रोश करण्याची आपल्याकडे प्रथाच पडून गेली आहे. आज एका पौंडासाठी शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात. १९४७ साली तोच पौंड साडेतेरा रुपयांच्या आत मिळत असे. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून स्वातंत्र्योत्तर अधोगतीचा पुरावा म्हणून ते मिरवले जातात. विरोधी बाकांवर असताना हा पुरावा बिनतोड वाटतो व सत्तेच्या आसनावर बसताच त्याचा विसर पडतो, हा अनुभव कोणत्याही एका पक्षापुरता मर्यादित नाही. परंतु पक्षोपपक्षांचा हा खेळ बाजूस ठेवून आम्ही मूळ प्रश्नच विचारू इच्छितो : १९४७ चा तो भाव आला कोठून?

तो आला १९२७ च्या चलनविषयक कायद्यातून. पहिल्या महायुद्धापूर्वी रुपयास १६ पेन्स, म्हणजे पौंडास १५ रुपये, असा दर स्थिर होता. युद्धकाळात चांदी कडाडली व रुपया चढत गेला. १९२० साली तो दोन शिलिंगांवर बांधण्याचा सरकारी प्रयत्न सपशेल फसला. पुढे १९२६ साली हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सांची शिफारस केली. पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै, हे त्या शिफारशीचेच गणित. आयोगाचे एक सदस्य सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचा आग्रह धरला व मुंबईच्या व्यापारी वर्गाने तो उचलून धरला. तरीही मध्यवर्ती कायदेमंडळात निसटत्या बहुमताने १८ पेन्सच मंजूर झाले. म्हणजे ज्या भावाचे गोडवे आज गायले जातात, तो स्वतंत्र राष्ट्राने कमावलेला नव्हता. परकी राजवटीने तो आपल्या सोयीने ठरविलेला होता.

सोय कोणती, हे उघड आहे. अधिकाऱ्यांची पेन्शने आणि कर्जावरील व्याज सरकारला दरवर्षी विलायतेत पौंडांत भरावे लागे. रुपया महाग असला म्हणजे त्यासाठी रुपये कमी लागत. विलायती मालही येथे स्वस्त पडे. उलट वऱ्हाड-खानदेशात कापूस पिकविणाऱ्याच्या हाती परदेशातील त्याच भावाचे रुपये कमी येत. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच ठरलेले. १९३१ साली इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, तेव्हाही रुपया १८ पेन्सांनाच पौंडाशी जखडला गेला. मंदीने गांजलेल्या घरांतील सोने मोडीत निघाले आणि वर्षानुवर्षे बोटींतून परदेशी जात राहिले. रुपया भक्कम होता. रयत मोडली होती.

मग स्वस्त रुपया म्हणजेच राष्ट्रहित काय? तसेही नाही. रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या १९२३ च्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समजुतीचाही समाचार घेतला आहे. रुपया उतरल्याने निर्यातदाराला होणारा लाभ हा परदेशातून राष्ट्राला झालेली प्राप्ती नव्हे. देशातील एका वर्गाला तो दुसऱ्या वर्गाच्या पदरचा मिळतो. कारण भाव लगोलग चढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. शंभर वर्षांनंतरही या विवेचनाची धार बोथट झालेली नाही.

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास हेच सांगतो. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले व रुपयाने पौंडामागोमाग पाऊल टाकले. पाकिस्तानने टाकले नाही, आणि कलकत्त्याच्या गिरण्यांना पूर्व बंगालचा ताग मिळेनासा झाला. ६ जून १९६६ रोजी, अवर्षण, युद्धाचा खर्च आणि परकी मदत देणाऱ्यांचा दबाव अशा कोंडीत सापडून, आपण रुपयाचे अवमूल्यन केले व पौंड २१ रुपयांचा झाला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात पौंड पुन्हा उतरला, तेव्हा मात्र आपण त्याच्यामागे गेलो नाही. पौंड १८ रुपयांवर आला. या चढउतारांवरून भारताची अब्रू आधी बुडाली व सतरा महिन्यांनी अंशतः परत आली असे कोणी म्हणेल काय? आणि दोनदा अवमूल्यन करणाऱ्या इंग्लंडची अब्रू कोणत्या तराजूत तोलावयाची?

१९७५ साली रुपयाची पौंडाशी असलेली साखळी तुटली. १९९३ पासून भाव बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक त्याच्या उसळीला आवर घालते, इतकेच. म्हणून अब्रूची भाषा सोडून हिशेबाची भाषा बोलणे आता अधिकच अगत्याचे झाले आहे. रुपया उतरला की संगणक-सेवा विकणाऱ्या कंपन्यांचा आणि परदेशातून पैसे येणाऱ्या कुटुंबांचा लाभ होतो. बाहेरून आणावे लागणारे खनिज तेल मात्र महागते. त्यापायी मालमोटारीचे भाडे वाढते आणि भाजी महागते. विलायतेत शिकणाऱ्या मुलासाठी कर्ज काढलेल्या पालकाचा बोजा वाढतो. सरकारी नोकराला निदान महागाई भत्ता मिळतो. नाक्यावर रोज उभ्या राहणाऱ्या मजुराला तो कोण देणार?

रुपयाचा भाव कृत्रिम रीतीने उंच धरून ठेवावा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यासाठी परकी चलनाची गंगाजळी रिती करणे आत्मघातकी ठरेल. परंतु भाव उतरत असता ‘निर्यात वाढेल’ एवढे सांगून सरकारने स्वस्थ बसणेही आम्हांस मान्य नाही. किमान वेतनाचे दर महागाईशी बांधलेले असावेत व ते वेळच्या वेळी वाढावेत. निर्यातीची वाढ कामगाराच्या घटत्या मजुरीवर न होता उत्पादनाच्या सुधारणेवर व्हावी. हुंडणावळीच्या तक्त्यात राष्ट्राची अब्रू शोधू नये. उतरत्या रुपयाचा भार त्या राष्ट्रात कोणाच्या खांद्यावर टाकला जातो, यावरच ती ठरते.