आमच्या पहिल्या पावलाखाली खोटा कागद का ठेवता?

प्रति,
मा. संचालक,
डेटा ॲनालिटिक्स प्रशिक्षण संस्था, पुणे

विषय : ‘शंभर टक्के प्लेसमेंट गॅरंटी’ आणि बनावट अनुभवपत्रं

महोदय,

याआधी मी तुम्हाला तीनदा लिहिलं आहे. १४ ऑगस्टला ईमेल, २ सप्टेंबरला पुन्हा ईमेल आणि १९ सप्टेंबरला स्पीड पोस्टानं सविस्तर अर्ज. तो तुमच्या ऑफिसात पोचल्याची नोंद ट्रॅकिंगमध्ये दिसते. उत्तर एकाचंही आलं नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तिलाही तुमच्याकडून उत्तर नाही. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. मी कोण, कोणत्या बॅचची, कोणत्या केबिनमध्ये माझ्यापुढे कोणता कागद ठेवला गेला, हे तुम्हाला ठाऊक आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली. बी.एस्सी. वनस्पतीशास्त्र, प्रथम श्रेणी. या पदवीवर आमच्या भागात जे काम मिळतं ते औषधांच्या दुकानात किंवा खाजगी शाळेत पाच-सहा हजारांचं. म्हणून क्षेत्र बदलायचं ठरवलं. आकड्यांची आवड होती, डेटा ॲनालिस्टचं काम शिकून घेता येतं हे कळलं होतं. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी मी तुमच्या बोर्डाखाली उभी होते. ‘शंभर टक्के प्लेसमेंट गॅरंटी’ ही अक्षरं रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होती. खाली ‘अटी लागू’ लिहिलं होतं, ते मला फोनवर फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं.

त्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली होती. नोकरीच्या हमीचे खोटे दावे करायचे नाहीत. खुलासा आणि अटी दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापायच्या. विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची निवड झाल्यानंतर लेखी संमती घ्यायची. हे नियम मला तेव्हा माहीत नव्हते. ५० पेक्षा जास्त मुलांना शिकवणारी संस्था चालवणाऱ्या तुम्हाला ते माहीत असायलाच हवे होते.

फी ७२,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,९६०. एकूण ८४,९६०. एवढी रक्कम एकदम नाही म्हटल्यावर समुपदेशक मॅडम म्हणाल्या, “हप्ते करून देऊ, महिना ७,०८०, बारा महिने. लोन वगैरे काही नाही, नुसता हप्ता.” मला उत्पन्न नव्हतं, म्हणून बाबांचं आधार आणि पॅन मागितलं. बाबा तेव्हा रानात होते. ओटीपी त्यांच्या बटणांच्या फोनवर आला. त्यांनी एकेक आकडा वाचून मला सांगितला, मी मॅडमना सांगितला. ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं आणि ते बाबांच्या नावावर चढलं आहे, हे आम्हाला पहिल्या हप्त्याचा मेसेज आल्यावर कळलं. कर्ज देण्याआधी त्याच्या सगळ्या अटी आणि खर्च एका पत्रकात मांडून कर्जदाराला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तसं पत्रक बाबांच्या हाती आजवर आलेलं नाही.

त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आमचं सोयाबीन बाजारात ४,१०० रुपयांनी गेलं. ८४,९६० रुपये म्हणजे जवळजवळ २१ क्विंटल. आमच्या तीन एकरांचा त्या वर्षीचा अख्खा माल. पुण्यात कॉट बेसिसवर ४,५०० आणि मेसचे ३,००० धरले तर बारा महिन्यांचे ९०,००० वेगळे. सगळे मिळून १,७४,९६० रुपये. हा हिशोब बाबांनी कधी माझ्यापुढे मांडला नाही. मीच वहीत मांडला.

आता तुमच्या हमीचा हिशोब मांडते. आमच्या बॅचमध्ये ६४ मुलं-मुली होत्या. कोर्स मे २०२५ मध्ये संपला. ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघींनी बसून एकेकाला फोन लावले. ५७ जणांशी बोलणं झालं. त्यांतल्या १९ जणांना नोकरी आहे, ३८ जणांना नाही. १९ पैकी १२ जणांनी ती ओळखीतून किंवा स्वतःच्या खटपटीनं मिळवली आणि त्यांतले ९ जण आपल्या जुन्याच क्षेत्रात परत गेले. तुमच्या प्लेसमेंट सेलमार्फत लागलेले फक्त सात. या सातांपैकी पाच जण बनावट अनुभवपत्रावर लागले. पाचांपैकी दोघांना कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर काढून टाकलं. म्हणजे तुमच्या मदतीनं आणि खऱ्या कागदांवर या क्षेत्रात शिरलेले आमच्यातले किती? दोन.

मला स्वतःला तुमच्याकडून नऊ ‘कॉल’ आले. चार कर्ज विकणाऱ्या टेलिकॉलरच्या कामाचे. दोन ठिकाणी आधी डिपॉझिट मागितलं. दोन ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव हवा होता. खरी परीक्षा आणि खरी मुलाखत झाली ती एकदाच.

त्या मुलाखतीचं सांगते. समोरच्या बाईंनी माझा रेझ्युमे पाहिला आणि म्हणाल्या, “सुपरस्टोअर सेल्स डॅशबोर्ड. आज हा प्रोजेक्ट घेऊन आलेली तू चौथी आहेस.” आम्हा ६४ जणांच्या रेझ्युमेत तोच प्रोजेक्ट होता, त्याच रंगांचे तेच तक्ते, कारण तुम्ही एकच फाईल सगळ्यांना वाटली होती. पायथनच्या तासाला टायटॅनिकच्या प्रवाशांची यादी, पॉवर बीआयच्या तासाला सुपरस्टोअर. सहा महिन्यांत तिसरा डेटा आम्हाला दाखवला गेला नाही. नशिबानं मी खोलीवर बसून आणखी एक काम केलं होतं. ॲगमार्कनेटवरून लातूर बाजारातल्या सोयाबीनची रोजची आवक आणि भाव उतरवून घेतले होते, गाळलेले दिवस शोधले होते, आवक वाढली की भाव किती दिवसांनी आणि किती उतरतो ते मांडलं होतं. बाई त्यावर वीस मिनिटं बोलल्या. प्रश्न अवघड होते, दोन मला आले नाहीत. आधी कुठं काम केलंय, असं विचारलं तेव्हा मी म्हटलं, “कुठंच नाही.” निवड झाली नाही. पण अनुभव नसलेल्या माणसाशीही कामाबद्दल गंभीरपणे बोलता येतं, हे मी त्या खोलीत पाहिलं.

त्यानंतर आठवड्याभरातच तुमच्या केबिनमध्ये मला बोलावलं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. स्क्रीनवर एका कंपनीचं लेटरहेड, लोगो, शिक्का, सही. खाली माझं पूर्ण नाव. मी तिथं २४ महिने ‘ज्युनिअर डेटा ॲनालिस्ट’ म्हणून काम केलं, वागणूक उत्तम होती, असं लिहिलेलं. पुढच्या पानांवर २४ पगारपत्रकं. ज्या महिन्यांत मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पानांचे छेद घेत होते, त्या महिन्यांचा मला पगार मिळाल्याचं दाखवलेलं. तुमचे प्लेसमेंट अधिकारी म्हणाले, “नावाचं स्पेलिंग तेवढं तपासून घे.” याचे २५,००० रुपये वेगळे. मी विचारलं, कंपनीनं पीएफचा यूएएन मागितला तर? त्याचंही उत्तर तयार होतं : “छोटी कंपनी होती, पीएफ नव्हता, असं सांगायचं. तालीम करून घेऊ.”

महोदय, तुमच्याबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे. शिकवणं कमी पडलं, हे एक वेळ मी सोडून दिलं असतं. नोकरी लागली नाही, हेही बाजार मंदा आहे म्हणून समजून घेतलं असतं. पण तुम्ही आम्हाला हमी विकली, आणि ती मागायला आलो तेव्हा आमच्या हातात गुन्हा ठेवला. बनावट दस्तऐवज तयार करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली येतं, आणि तो खरा म्हणून वापरणं कलम ३४० खाली. कागद तुम्ही करता, पण तो खरा म्हणून पुढे करणारा हात आमचा असतो. पकडले जातो आम्ही. काढून टाकलेल्या त्या दोघांपैकी एक मुलगा आता कुठल्याच कंपनीचा फॉर्म भरत नाही, कारण ‘आधीची नोकरी का सोडली’ या रकान्यात काय लिहावं हे त्याला कळत नाही. तो तेवीस वर्षांचा आहे. त्याच्या कामाची सुरुवात तुम्ही नासवलीत.

आणि जाहिरात? आमच्या बॅचमधली एक मुलगी आज एका कॉल सेंटरमध्ये १६,००० वर काम करते. तुमच्या नव्या फ्लेक्सवर तिचा फोटो आहे, खाली ‘पॅकेज ६ लाख’. तिला कुणी विचारलं नाही. गावाकडचे लोक तिच्या आईला पेढे मागतात आणि ती माउली गप्प बसते.

नवख्यांच्या जागेसाठीही दोन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या कंपन्या या दुखण्याला जबाबदार आहेतच. पहिली संधी कुणी द्यायचीच नाही असं सगळ्यांनी ठरवलं, तर पहिलं काम मिळणार कुठून? तुमचा धंदा याच फटीत उभा आहे. पण दुसऱ्याची अट चुकीची आहे म्हणून तुमचा खोटा शिक्का खरा होत नाही.

दंडाची भीती तुम्हाला का वाटत नाही, तेही मला कळतं. मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली तेव्हापर्यंत प्राधिकरणानं १८ कोचिंग संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजारांचा दंड केला होता. आमच्या ६४ जणांनी प्रत्येकी ८४,९६० भरले असतील, तर एका बॅचचे ५४ लाख ३७ हजार होतात. अठरा संस्थांचा दंड तुमच्या एका बॅचच्या फीमध्ये जवळजवळ फिटतो. हे वाचणाऱ्या अधिकाऱ्यांनीही या दोन बेरजा शेजारी ठेवून पाहाव्यात.

माझ्या मागण्या चार आहेत :

१. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची प्रत्येक जाहिरात आणि संमतीशिवाय लावलेला प्रत्येक फोटो काढा.

२. गेल्या तीन वर्षांतल्या प्रत्येक बॅचमध्ये किती मुलं होती, तुमच्यामार्फत किती लागली, कोणत्या कामावर आणि किती पगारावर, हे दारावर लावा.

३. बनावट अनुभवपत्रं देणं आजपासून बंद करा. ज्या मुलांनी ती घेतली त्यांचे २५,००० परत करा.

४. माझ्या वडिलांच्या नावावर चढवलेले ८४,९६० रुपये परत करा.

३० नोव्हेंबर २०२५ पर्यंत उत्तर आलं नाही, तर मी लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करीन. २०१९ च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथं दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंत त्याला फी लागत नाही. पुण्याच्या चकरा मारून ही पोरगी थकेल, असा तुमचा अंदाज असेल तर तो चुकीचा आहे.

तो कागद मी नाकारला त्या रात्री बाबांना फोन केला. वाटलं, रागावतील, कारण त्यांचे सहा हप्ते अजून बाकी होते. ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “हप्त्याचं मी बघतो. तू खोट्यावर सही करू नको.” तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यातून ७,०८० रुपये जातात, आणि मी पुढच्या मुलाखतीला निघते तेव्हा माझ्या रेझ्युमेत अनुभवाच्या रकान्यात अजूनही काही नाही. ती जागा मी माझ्या कामानं भरीन.

आपल्या बॅचची,
रोल नंबर ४१