'केसरी'ने जाहिरात नाकारली होती, आता दार आपणच लावून बसलोय

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. हा इतिहास आपण दर जयंतीला सांगतो आणि सांगायलाच हवा. पण आज आम्हाला एक अडचणीचा प्रश्न विचारायचा आहे. आपल्या संकेतस्थळाचं नाव गुगलच्या निकालांत यायला एक पैसा लागत नाही, कुणा संपादकाची परवानगी लागत नाही. मग आपलं लिखाण शोधणाऱ्याला सापडत का नाही?

मिरा रोडला भाड्याने राहणारा आपला एखादा मुलगा डोळ्यांसमोर आणा. जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली. पोलीस ठाण्यात त्याला सांगितलं, "आधी चौकशी करू, मग गुन्ह्याचं बघू." रात्री अकरा वाजता तो मोबाईलवर टाइप करतो, 'ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवत नाहीत काय करावे'. याचं उत्तर आपल्याकडे आहे. १९८९ च्या कायद्यात २०१८ साली कलम १८-अ घातलं गेलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आपले कार्यकर्ते यावर कळकळीने लिहितातही. पण शीर्षक काय देतात? 'आता पेटून उठा!' अहो, त्या मुलाला त्या रात्री पेटायचं नाहीये, त्याला कलम हवंय. पान कशाबद्दल आहे हे शोधयंत्र सगळ्यात आधी शीर्षकावरून ओळखतं. 'ॲट्रॉसिटीचा गुन्हा पोलीस नोंदवत नसतील तर काय करावे' असं साधं शीर्षक द्यायला आपल्याला कमीपणा वाटतो. भाषणाची सवय लेखणीला लागली की असं होतं. शीर्षकाखाली निकालात दिसणाऱ्या दोन ओळींतही आपण घोषणाच देतो.

ज्याला एसइओ म्हणतात ते एवढंच आहे. आपलं पान यंत्राला सापडावं, वाचता यावं आणि ज्याला गरज आहे त्याच्यापुढे ठेवता यावं. 'हे दुकानदारांचं तंत्र, चळवळीला काय करायचंय' म्हणणारे आम्हाला रोज भेटतात. बाबासाहेबांनी छापखाना दुकानदारांचा म्हणून सोडून दिला नव्हता.

आम्हीही फार शहाणे होतो असं नाही. भाईंदरच्या आमच्या अभ्यासगटाचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर उभं केलं आणि कित्येक महिने त्याचं एकही पान गुगलवर दिसेना. आमच्यातल्या एकाने छातीठोकपणे निदान केलं, "मनुवादी यंत्रणा आपल्याला दाबतेय." शेवटी एका मुलीने सेटिंग उघडून पाहिलं. शोधयंत्रांनी हे संकेतस्थळ यादीत घेऊ नये, असं सांगणारी एक चौकट तिथे असते. काम चालू असताना तिच्यात खूण आम्हीच केली होती आणि काढायला विसरलो होतो! मोठ्या कंपन्या निःपक्ष आहेत असं आम्ही मुळीच म्हणत नाही, त्यांच्याशी भांडायचं तिथे भांडूच. पण आधी आपली चौकट तपासा. गुगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला लागून विसर्गासारखी दोन टिंबं आणि जागा न सोडता आपला पत्ता टाका. काहीच आलं नाही, तर गुगलच्या लेखी तुम्ही बहुधा अस्तित्वातच नाही. मग सर्च कन्सोल उघडा, ते फुकट आहे. तिथे साइटमॅप द्या आणि कोणतं पान का अडलंय ते वाचा.

जुलै २०२५ मध्ये मिरा रोडला मराठीसाठी मोर्चा निघाला. मराठीचा अभिमान ठीक, पण आपली मराठी यंत्राला वाचता तरी येते का? श्रीलिपी किंवा कृतिदेवात टंकलेल्या कितीतरी जुन्या फायली आपण तशाच चढवतो. कॉपी करून पाहा, नुसती गिचमिड उमटते. जयंतीचं पत्रक, शिबिराचा तपशील, अगदी बावीस प्रतिज्ञासुद्धा आपण रंगीत चित्र करून टाकतो. चित्रातली अक्षरं यंत्राला धड लागतील की नाही, ते नशिबावर. डिसेंबर २०२१ मध्ये बाबासाहेबांच्या खंडांची छपाई रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, तेव्हा आपण सरकारवर तुटून पडलो. बरोबरच केलं. मग आपल्या हातातला मजकूर युनिकोडमध्ये टंकायला कुणाच्या आदेशाची वाट बघतोय?

आणि तो बॅनर! पान उघडलं की आधी अकरा पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो. विरार लोकलच्या दारात एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने वाचणाऱ्याचं नेटवर्क त्या फोटोंतच संपतं. पान मोबाईलवर झटकन उघडलं नाही की वाचणारा परत फिरतो.

सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते दुव्यांवर. १९९८ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गुगल उभं केलं ते एका कल्पनेवर. एका पानाने दुसऱ्याला दुवा दिला, तर ती त्या पानाच्या बाजूने दिलेली साक्ष समजायची. साक्ष देणारा जितका भरवशाचा, तितकं तिचं वजन जास्त. पुढे कितीतरी निकष वाढले, तरी साक्षीचं महत्त्व टिकून आहे. आता आपल्याकडे पाहा. या गटाचा माणूस त्या गटाच्या लेखाला दुवा देणार नाही, कारण त्यांचा नेता वेगळा. लेख आवडला तर अख्खा उचलून आपल्या पानावर टाकणार, खाली मूळ लेखकाचं नावसुद्धा नाही. एकच मजकूर दहा ठिकाणी दिसला की यंत्र सहसा त्यातला एक निवडून पुढे ठेवतं आणि तो मूळ लिहिणाऱ्याचाच असेल याची खात्री नसते. दुफळीची ही किंमत आपण निवडणुकीत मोजतोच, आता शोधातही मोजतोय. दोन परिच्छेदांचा उतारा, लेखकाचं नाव आणि दुवा, एवढं दिल्याने कुणाचा गट फुटत नाही.

'पहिला नंबर हमखास' म्हणून पैसे मागणाऱ्यांना मात्र वर्गणीतला रुपयाही देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गुगलच सांगतं. पानाच्या पोटात कीवर्डची जी छुपी यादी भरून हे लोक बिल लावतात, ती क्रम ठरवताना आम्ही विचारात घेत नाही, असं गुगलने २००९ सालीच जाहीर केलंय.

आम्ही आमची शीर्षकं बदलायला घेतलीत. कलम १८-अ वरचा लेख सगळ्यात आधी बदलला, जात प्रमाणपत्राच्या कागदपत्रांचा त्यामागोमाग. दुसऱ्या गटाच्या तीन लेखांना दुवेही दिले, त्यावरून बैठकीत आवाज चढले, पण दुवे राहिले. बॅनर काढायला मात्र अजून दोन पदाधिकारी तयार नाहीत.