हात धुतलेत का हो, डॉक्टर?

आमची आजी सदाशिव पेठेतली. म्हणजे बघा, भिंतीवर पाटी न लावताही समोरच्याला सुनावायचा तिचा हक्क जन्मसिद्ध! लहानपणी आम्ही खेळून आलो की ती वाड्याच्या दारातच अडवायची. ‘आधी मोरीत जा!’ आणि नुसतं ‘धुतले गं’ म्हणून सुटका नाही. आमचे हात नाकाशी धरून साबणाचा वास येतोय का, ते बघायची.

गेल्या पावसाळ्यात तिचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी राउंडला आलेले तरुण डॉक्टर शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला तपासून थेट आजीच्या टाक्यांकडे वळले. सॅनिटायझरची बाटली कॉटच्या पायाशीच लटकलेली. मला सगळं दिसलं, पण मी गप्प. म्हटलं, एवढ्या शिकलेल्या माणसाला आपण काय सांगायचं? आजीला असले प्रश्न पडत नाहीत.

‘हात धुतलेत का हो, डॉक्टर?’

वॉर्ड एकदम चिडीचूप. डॉक्टर क्षणभर थबकले, कसंनुसं हसले आणि बाटली दाबली. ते गेल्यावर मी वैतागले, ‘अगं आजी, असं विचारतात का?’ ती म्हणाली, ‘टाके मला पडलेत, तुला नाही.’

त्या रात्री स्टुलावर बसल्या बसल्या मोबाइलवर वाचत होते, तर कळलं की आजीचा हा प्रश्न विचारायला जगात चक्क मशिन्स आहेत! न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर नॉर्थ शोर युनिव्हर्सिटी हॉस्पिटल आहे. तिथल्या आयसीयूत 2008 मध्ये दारांवर सेन्सर आणि बेसिनपाशी कॅमेरे बसवले. कुणी आत-बाहेर केलं की त्याने हात धुतले की नाही, हे दूर कुठे तरी बसलेली माणसं स्क्रीनवर बघायची. आणि गंमत म्हणजे, 2013 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं, की हे बघणारे बसले होते भारतात! तिकडच्या डॉक्टरांचे हात तपासायला इकडे आपल्यासारखीच शिफ्टवाली मंडळी. आजीला हा जॉब फार शोभला असता.

पहिले 16 आठवडे नुसतं बघितलं, निकाल कुणालाच सांगितला नाही. हात धुण्याचं प्रमाण निघालं 10 टक्क्यांच्याही खाली. आयसीयूत हं! मग तोच स्कोअर वॉर्डातल्या बोर्डावर झळकायला लागला, साहेबांना ई-मेलने जायला लागला, आणि पुढच्या 16 आठवड्यांत आकडा 80 च्या वर गेला.

आता तर गळ्यातले बॅजही निघालेत. बाटली दाबली की नोंद होते. काही बॅज तर हाताला अल्कोहोलचा वास येतोय का, ते हुंगतात आणि मगच हिरवा दिवा लावतात. आजीचंच टेक्निक!

मग प्रश्न सुटला? तुमच्या-माझ्या ऑफिसातलं स्वाइप कार्ड आठवा. तास भरतात, पण काम होतंच असं नाही. टोरांटोमध्ये 2014 च्या एका अभ्यासात दिसलं, की तपासनीस नजरेच्या टप्प्यात असला की सॅनिटायझर साधारण तिप्पट वेळा वापरलं जातं. आणि 2017 मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या 71 युनिट्सचा अभ्यास आला. बॅज लावल्यावर प्रमाण छान वाढलं, मग हळूहळू उतरत गेलं. आणि बॅज बंद केल्यावर? ते आधी होतं त्याच्याही खाली गेलं! सवय माणसाला लागलीच नव्हती, ती बॅजला लागली होती.

शिवाय मशीन मोजतं ते बाटली दाबणं. सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळायचं, अंगठा आणि नखं विसरायची नाहीत, हे सगळं त्याला कुठलं दिसायला? रात्रपाळीच्या सिस्टरला मी हे सगळं वाचून दाखवलं, तर ती हसली. म्हणाली, ‘ताई, एका हाकेला तीन कॉट असतात. आणि बाटली भरलेली असायला नको का?’ हेही बॅजला कळत नाही.

म्हणजे कॅमेरे, बॅज फालतू आहेत असं नाही. 10 चे 80 होणं ही चेष्टा नाही, त्यात कुणाची तरी आजी धड घरी जाते. पण नॉर्थ शोरमध्येही नुसत्या बघण्याने काही झालं नव्हतं. बघितलेलं कुणीतरी बोललं, तेव्हा फरक पडला. आणि मी? बघितलं आणि गप्प बसले. अगदी पहिल्या 16 आठवड्यांतला कॅमेरा!

दुसऱ्या दिवशी तेच डॉक्टर आले. दारातूनच दोन्ही हात वर करून म्हणाले, ‘आजी, धुतले!’

आजीने चष्मा नीट केला. ‘बघू, वास येतोय का?’

या वेळी मात्र मी ओशाळले नाही. उलट ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आलेल्या मुलाला मीच विचारलं. आवाज थोडा कापला, पण विचारलं.