शिवेवरचे पांढरे बूट

शीव या शब्दाचा अर्थच सीमा. मुंबई बेट येथे संपत असे आणि पलीकडे साष्टी सुरू होई. सतराव्या शतकात इंग्रजांनी शीवचा किल्ला उभारला तो या हद्दीवर लक्ष ठेवण्यासाठी. चामडे कमावण्याचा धंदाही एकोणिसाव्या शतकात शहराने याच टोकाला, धारावीकडे, सरकवला. जे हवे असते पण जवळ नको असते, ते शिवेवर ठेवायचे, ही रीत गावातून शहरात आली.

आपल्या भाषेनेही पादत्राणाला असेच शिवेवर ठेवले आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण, 'जोडे मारणे', 'जोडे उचलणे' हे वाक्प्रचार वर्गात शिकवताना आम्ही अर्थ सांगतो आणि पुढे जातो. पण वहाण हीन ठरते तेव्हा ती शिवणारा हातही हीन ठरतो, हे सांगायचे राहून जाते.

या पार्श्वभूमीवर शाळेतल्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटाकडे पाहावे. कापड आणि व्हल्कनाइज केलेले रबर, एवढाच त्याचा ऐवज. चामड्याचा स्पर्श नाही. झ्लीनमध्ये १८९४ साली सुरू झालेल्या बाटा कंपनीने १९३६ साली भारतातील शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी असा बूट घडवला, असे तिचा इतिहास सांगतो. पुढे शाळाशाळांतून तो गणवेशाचाच भाग झाला.

आम्ही तो घातला १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या वर्षांत. शनिवारी सकाळची शाळा, पांढरा गणवेश, कवायत. शुक्रवारी रात्री ओला खडू बुटांवर घासायचा आणि ते खिडकीत वाळत ठेवायचे. आमच्यापैकी एकाचे बूट थोरल्या भावाचे होते. पुढे कापूस कोंबल्याशिवाय ते पायात राहत नसत. आतल्या बाजूस बॉलपेनने लिहिलेले भावाचे नाव खोडून त्याखाली आपले लिहिले होते.

त्या बुटांनी समता आणली, असे लिहिण्याचा मोह होतो. स्मरणरंजनपर लेखांतून तसे लिहिलेही जाते. आम्हांस ते पटत नाही. खडूने डाग झाकतो, अंगठ्याचे भोक झाकत नाही. रांगेत उभे राहिल्यावर कोणाचे बूट नवे आणि कोणाचे उतरलेले, हे सर्वांना दिसत असे. ज्यांच्याकडे बूटच नसत, त्यांना मागच्या रांगेत उभे केले जाई.

तरीही एक गोष्ट खरी. हा बूट पायात असताना तो कोणी शिवला, हा प्रश्न कोणाच्या मनात येत नसे. यंत्राने तो प्रश्न पुसला. परंतु प्रश्न पुसणे म्हणजे त्याचे उत्तर देणे नव्हे. चर्मकार समाजातले पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्याआधी पुण्यात त्यांच्यासोबत खेळणारे सवर्ण चामड्याचा तोच चेंडू हाताळत. चहा मात्र बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. खेळ माणसाला मैदानात घेतो. तंबूत घेण्याचे काम समाजाचे असते.

आज आमच्या विद्यार्थ्यांच्या पायांत स्नीकर आहेत. १९८५ साली एअर जॉर्डन बाजारात आला आणि बुटाला खेळाडूचे नाव, त्या नावाला किंमत आणि त्या किमतीला प्रतिष्ठा मिळाली. वहाण हीन मानणाऱ्या समाजात बूट प्रतिष्ठेचा व्हावा, हा बदल लहान नाही. विद्यार्थ्यांच्या या हौसेला नाके मुरडणारे सहकारी आम्हांस म्हणूनच घाईचे वाटतात. मात्र प्रतिष्ठा बुटाला मिळाली, ती कारागिरापर्यंत पोहोचली नाही. शीव स्थानकाबाहेर पश्चिमेला निघाले की धारावीच्या रस्त्यावर चामड्याच्या वस्तूंची दुकाने लागतात. त्यांतल्या पिशवीवर तिच्या कारागिराचे नाव आम्ही अद्याप वाचलेले नाही.

यंदा वाक्प्रचार शिकवताना आम्ही अर्थावर थांबणार नाही. 'जोडे' या शब्दापाशी आल्यावर विचारू : हे जोडे शिवले कोणी? उत्तर यायला वेळ लागेल. तास संपला तरी चालेल.