पगार विचारलात, झोप विचारली का?

गेल्या आठवड्यात तिशीतला एक ड्रायव्हर पत्नीसह दवाखान्यात आला. जड वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे, त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता. त्याच्या वडिलांपासून माझी या घराशी ओळख. गेली सहा वर्षे तो दुधाच्या टँकरवर आहे. पहाटे चारला उठायचे आणि दुपारी दोनला घरी यायचे, असा नेम. आता एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला कंटेनरच्या गाडीवर बोलावले आहे. पगार जास्त, शिवाय प्रत्येक खेपेला भत्ता. अट एकच. फोन आला की तासाभरात गाडीवर हजर व्हायचे. फोन सकाळी येईल, रात्री अकराला येईल, नाहीतर दोन दिवस येणारच नाही.

"डॉक्टर, तब्येत ठणठणीत आहे ना? मग घेऊ का ही नोकरी?" त्याने विचारले.

उत्तर त्याच्या पत्नीने दिले. "पंधरा दिवस बदलीवर जाऊन आलेत. घरी असले तरी फोन उशाशी. दिवसभर नुसते पडून असतात, झोप येत नाही. आणि रात्री डोळा लागला की फोन वाजतो."

दाखल्याच्या नमुन्यात नजर, रंग ओळखणे, ऐकू येणे, रातांधळेपणा, हातापायाचे व्यंग हे सारे विचारले आहे. ते सर्व उत्तम होते. मी सही केली. पण झोपेचा रकाना त्या कागदावर नाही आणि त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच होते.

पगार वाढणार असेल तर माणसाने विचार करू नये, असे मी म्हणणार नाही. मुलांची फी आणि घराचा हप्ता उपदेशाने भागत नाही. माझे म्हणणे एवढेच की, या नोकरीत जे द्यावे लागते त्याची किंमत आधी नीट मोजा.

ठरलेली रात्रपाळी वाईट, हे खरे. तरी तिथे माणूस दुपारी पडदे ओढून झोपू शकतो. कामाची वेळच ठाऊक नसेल तर झोप आधी साठवता येत नाही. बाळंतपणाच्या निरोपाची वाट पाहत मी तरुणपणी अनेक रात्री काढल्या. निरोप आला नाही त्या रात्रीही झोप गाढ लागत नसे. कान दाराकडेच असत. फरक एवढाच की, माझ्या हातात भरलेल्या ट्रकचे स्टिअरिंग नव्हते.

आता साधा हिशेब करू. ड्रायव्हर सकाळी सहाला उठला. दिवसभर वाट पाहिली. रात्री अकराला फोन आला. म्हणजे तो सतरा तास जागा आहे आणि काम आता सुरू होणार आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड या संशोधकांनी दाखवून दिले की, सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात व नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा ढासळतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. थेंबही न पिता आपला ड्रायव्हर ती ओलांडून बसला आहे, आणि नाक्यावरचे यंत्र त्याला पकडू शकत नाही.

त्यातून पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराला सर्वांत जास्त पेंग आणणारी. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपून जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी ६५ मीटरहून अधिक पुढे जाते. चहा, तंबाखू, तोंडावर गार पाणी याने थोडा वेळ निभावते. झोपेवर उपाय झोप हाच. पेंग आली तर गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे डोळे मिटावेत, पण ती सुद्धा उसनवारीच.

जे मोठ्याने घोरतात व दिवसा पेंगतात, त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ अनिश्चित असलेले हे काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय पत्करू नये. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते, हेही ध्यानात ठेवावे.

मालकांची अडचण मला कळते. बंदरावर कंटेनर कधी मिळेल, फाटकावर रांग किती असेल, हे त्यांच्या हाती नसते. पण त्या अनिश्चिततेचा सगळा भार ड्रायव्हरच्या झोपेवर का? संध्याकाळी सहाला नंबर जाहीर करा. आज रात्री पहिला कोण, दुसरा कोण. त्या दोघांनी दुपारीच झोप काढावी आणि बाकीच्यांनी रात्री फोन बंद करून झोपावे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची विश्रांती सांगितली होती. म्हणजे ही काही आजच्या डॉक्टरांची नवी फॅशन नव्हे.

त्या ड्रायव्हरला मी तीन प्रश्न लिहून दिले. निघायची वेळ किती तास आधी कळणार? खेप संपल्यावर सलग नऊ तास मिळणार का? आणि "झोप झालेली नाही, आत्ता निघत नाही" असे म्हटले तर पुढचा नंबर कापणार का?

परवा तो येऊन गेला. पहिल्या दोन गोष्टी मालकाने मान्य केल्या. तिसरीवर तो हसला म्हणे. मी सांगितले, "बाबा, मग टँकर सोडू नकोस. तिसऱ्याला हो मिळत नाही तोवर पहिल्या दोन्हींना अर्थ नाही."

तो थोडा नाराज होऊन गेला. पत्नी मात्र दारातून मागे वळून नमस्कार करून गेली.