आपल्या लेखणीचे कौतुक कोण करणार?



आंबेडकरी चळवळीत लिहिणारे हात कमी नाहीत. वाचून झाल्यावर चांगल्याला चांगले म्हणणारी तोंडे मात्र कमी आहेत. हे आम्ही विचारपूर्वक म्हणत आहोत. रत्नागिरी जिल्ह्यातील कुठल्याही बौद्धवाडीत १४ एप्रिलला जाऊन पाहा. कमानी लागतात, बॅनर लागतात, बॅनरवर मंडळाच्या प्रत्येक पदाधिकाऱ्याचा फोटो असतो. देणगीदारांची नावे माईकवरून दोन-दोनदा पुकारली जातात. पण या वर्षभरात आपल्यातल्या कुणी काय चांगले लिहिले, हे त्याच माईकवरून कधी सांगितले जाते काय? ज्या महामानवाने पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधले, त्याच्या जयंतीत लेखकाला खुर्ची नाही आणि पुस्तकाला टेबल नाही. याला काय म्हणायचे?

आमचा मुद्दा सरळ आहे. आपल्या चांगल्या लिखाणाचे कौतुक करणे हे चळवळीचे काम आहे, आणि ते दुसरा कुणी आपल्यासाठी करणार नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी १९२० साल आठवावे. ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला. त्याची जाहिरात छापण्याची विनंती ‘केसरी’ला करण्यात आली, पैसे देण्याचीही तयारी होती. ‘केसरी’ने ती छापली नाही. स्तुती नको होती, अग्रलेख नको होता, पैसे मोजून चार ओळींची जागा हवी होती! तीही मिळाली नाही. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले. माती एकच, पण एकाच्या वर्तमानपत्रात दुसऱ्याच्या पाक्षिकाला जागा नव्हती.

राजर्षी शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले. तरीही तो १९२३ मध्ये बंद पडला. पुढे १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ आला, तोही १९२९ मध्ये थांबला. या पाक्षिकाचे चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकट्याने भरावे लागतात, हे बाबासाहेबांनी त्यातच लिहून ठेवले आहे. पुतळ्याला हार घालताना हे आठवते काय? आज आपल्यातला एखादा पोरगा नोकरी सांभाळून, रात्र जागवून लेख लिहितो आणि आपण तो न वाचताच मोबाईलवर पुढे ढकलतो. चार-पाच वेळा असे झाले की तो लिहिणे सोडतो. चळवळीचा एक माणूस गेला, हे आपल्या लक्षातही येत नाही.

आता दापोलीकडे वळू. लष्करातून निवृत्त झाल्यावर गोपाळबाबा वलंगकर दापोलीत राहिले. तिथून त्यांनी ‘दीनबंधू’त लिहिले, ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यतेला धर्माचा आधार कुठे आहे, असा जाब धर्ममार्तंडांना विचारला. बाबासाहेबांचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. या जिल्ह्यातल्या किती तरुणांना हे नाव माहीत आहे? आपल्याच जिल्ह्यात बसून एका पेन्शनर सैनिकाने ब्राह्मणी व्यवस्थेला लेखी आव्हान दिले आणि आपल्याच पोरांना ते ठाऊक नाही. हा दोष व्यवस्थेचा आहेच. पण आपली मंडळे, आपले विहार, आपल्या स्मरणिका व्यवस्थेच्या ताब्यात नाहीत. तिथे वलंगकरांचे नाव घ्यायला कुणी हात धरला आहे?

मालगुंडला केशवसुतांचे स्मारक आहे. ते आहे याचा आम्हाला आनंदच आहे. पण ते आपोआप उभे राहिले नाही. कोकण मराठी साहित्य परिषदेने ते उभारले. माणसे जमली, त्यांनी आपल्या कवीला मोठे म्हटले, सतत म्हणत राहिली. लेखकाचे मोठेपण असे संघटितपणे जपावे लागते. दुसऱ्यांना हे कळते, मग आपल्याला का कळू नये?

बाबासाहेबांना ते कळत होते. १९४६ चा ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ त्यांनी जोतीराव फुल्यांना अर्पण केला. १९४८ चा अस्पृश्यांवरील ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. त्याच वर्षी मद्रासकडचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांच्या बौद्ध धम्मावरील जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, तिला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. ते पुस्तक १९०७ चे. बाबासाहेब स्वतः जगाला ठाऊक असलेले विद्वान, कायदेमंत्री, घटना लिहिण्याच्या कामात बुडालेले. तरीही त्यांनी वेळ काढून दुसऱ्याच्या पुस्तकाला चांगले म्हटले आणि लोकांनी ते वाचावे अशी शिफारस केली. आपल्याला मात्र शेजारच्या गटातल्या कार्यकर्त्याने लिहिलेल्या लेखाचे नाव घ्यायला जड जाते! लेख कसा आहे हे नंतर, आधी विचारायचे, ‘तो कुठल्या गटाचा?’

कौतुक म्हणजे काय, हेही स्पष्ट करू. ‘कडक’, ‘एक नंबर’, ‘क्रांतिकारी जय भीम’ याला आम्ही कौतुक म्हणत नाही. उर्मिलाताई पवार यांचे ‘आयदान’ घ्या. रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावची ही लेक. आई आयदाने विणून संसार ओढायची, त्यावरून पुस्तकाचे नाव. आपल्या बाया डोक्यावर लाकडाचे, गवताचे भारे घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जायच्या, ती वाट ताईंनी कागदावर आणली. जिल्ह्याच्या कुठल्याही सरकारी कागदात ती वाट नाही. त्याआधी १९८९ मध्ये मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले आणि चळवळीतल्या बायांना भेटून त्यांची साक्ष जतन केली. ‘आयदान’ला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो त्यांनी नाकारला. एकाच धर्माची प्रतीके, सरस्वतीवंदना, साहित्याच्या व्यासपीठावर का, हा त्यांचा सवाल होता. पुस्तकात हे आहे, म्हणून ते चांगले आहे, असे बोट ठेवून सांगणे म्हणजे कौतुक. ताईंनी आपल्याच घरातल्या पुरुषी सत्तेवरही लिहिले. तिथे आपल्यातल्या अनेकांची टाळी थांबते. ती थांबत असेल तर आधीची टाळीही खोटी होती.

कुणी म्हणेल, ‘ही तर एकमेकांची पाठ थोपटणे झाले.’ थोपटण्याला पुरावा लागत नाही, कौतुकाला लागतो. लेखकाने मूळ ग्रंथ वाचला आहे काय? तारखा तपासल्या आहेत काय? बाबासाहेब जे बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घातलेले नाही ना? आज बाबासाहेबांच्या फोटोखाली बनावट वाक्ये धडाधड फिरतात आणि आपलेच लोक ती फिरवतात. असे का होते? कष्टाने, खातरजमा करून लिहिणाऱ्याला आपण किंमत दिली नाही, म्हणून. चांगल्या लिखाणाबद्दल गप्प बसलो की खोट्याचे फावते. आणि त्या खोट्याचा फायदा शेवटी मनुवाद्यांनाच होतो.

दुसरा कुणी म्हणेल, ‘लिहून काय होते? रस्त्यावर उतरा.’ रस्त्यावर तर उतरलेच पाहिजे. पण १९२७ च्या महाड सत्याग्रहाची बाजू त्या काळी आपल्या शब्दांत कुठे मांडली गेली? ‘बहिष्कृत भारत’मध्येच ना? लढणाऱ्याला आपली बाजू लिहिता आली नाही, तर त्याचा इतिहास विरोधक लिहितो.

म्हणून रत्नागिरीतल्या आणि मुंबईतल्या आमच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. आषाढ ते आश्विन पौर्णिमा आपल्या गावोगावी वर्षावासाची प्रवचनमालिका चालते. भरपावसात माणसे विहारात येतात. त्यात दर आठवड्याला एक पान आपल्यातल्या हयात लेखकाचे वाचा आणि त्यावर बोला. जयंतीच्या खर्चातला एक बॅनर कमी करा, त्या पैशात पुस्तके विकत घ्या. फुकट प्रत मागू नका! दरवर्षीच्या स्मरणिकेत शुभेच्छांची पाने कमी करून वर्षातले सर्वांत चांगले तीन लेख छापा, लेखक कुठल्याही गटाचा असो. चूक दिसली तर तीही त्याच्या नावानिशी, सभ्यपणे सांगा. ज्याचे लिखाण गांभीर्याने वाचले जाते, त्यालाच टीका मिळते.

प्रस्थापितांच्या प्रमाणपत्राची वाट शंभर वर्षांपूर्वी पाहिली असती, तर ‘मूकनायक’चा पहिला अंकही निघाला नसता. आज आपल्यातल्या ज्या लेखकाचे लिखाण तुम्हाला आवडले, त्याला आजच फोन करा. काय आवडले, का आवडले, ते सांगा. मग ते आणखी चार जणांना वाचायला लावा.

जय भीम!